डाव्या बाजूची नाल

५ फेब्रुवारी २०१९

हॉस्पिटलातल्या नर्सने ही वही दिली. डाव्या पानावर ब्लड प्रेशर लिहायचं, उजव्या पानावर मनाला काय वाटलं ते. मी तिला म्हणालो, बायपास छातीचं झालंय, मनाचं नाही. ती हसली आणि वही लव्हॉनच्या पिशवीत टाकून निघून गेली.

१३८/८६. मनाला काही वाटलं नाही. नळ गोठलाय. दिवसभर खिडकीशी खुर्चीत बसलो. लव्हॉन म्हणते मी खिडकीबाहेर बघतच नाही, भिंतीकडे बघतो. पस्तीस वर्षांच्या संसारात बायको कुठे कुठे लक्ष ठेवते, कमाल आहे.

८ फेब्रुवारी

शुक्रवार. डेलमार आला, टॅव्हर्नमधले तळलेले मासे डब्यात घेऊन. मला तळलेलं बंद आहे, म्हणून माझ्यासमोर बसून ते त्यानेच खाल्ले.

डेलमार झास्त्रो माझा एकतीस वर्षांचा दोस्त. जुन्या बाग-ट्रॅक्टरांचा आमचा क्लब आम्ही दोघांनी काढला. शेतातले थोराड ट्रॅक्टर नव्हेत. घरामागची हिरवळ, चर्चचं आवार, असल्या जागी गवत कापणारे, कमरेएवढ्या उंचीचे. वेल्डिंग त्याने करावं, परीक्षण मी. दर ऑगस्टच्या मेळाव्यात 'जसाच्या तसा' गटाचा मुख्य परीक्षक मी असतो. या गटात रंग, गंज, बोल्ट, सगळं पहिल्यापासूनचं लागतं. गेल्या वर्षी एका बोल्टसाठी मी शेजारच्या गावच्या माणसाला बाद केलं. त्याची बायको रडली. पण बोल्ट नवा होता, त्याला मी काय करणार?

माझ्या शेडमध्ये अकरा ट्रॅक्टर उभे आहेत. ऑपरेशननंतर मी तिकडे फिरकलेलो नाही.

डेलमारने आज पुन्हा बाबांच्या लार्कफील्डचा विषय काढला. हजारदा ऐकलंय त्याने, तरी पहिल्यापासून सांग म्हणाला. सांगितलं. १९६१चा सात हॉर्सपॉवरचा लार्कफील्ड, लाल बॉनेट, सायीच्या रंगाची चाकं. त्यावर बाबा चर्चच्या दफनभूमीतलं गवत कापायचे. चढायला सोपं जावं म्हणून त्यांनी घोड्याची नाल वेल्ड करून पायरी केली होती. पंधराव्या वर्षी मी एकट्याने त्याचं इंजिन उघडून बसवलं, आणि सीटखाली खिळ्याने 'आ. बा.' कोरलं, आर्डेन बाकेन. फौजेत निघालो तेव्हा बाबा म्हणाले, "परत आलास की हा तुझा." परत आलो तर ट्रॅक्टर नाही. थोरल्या भावाने, विलार्डने, परस्पर कुणाला तरी विकून टाकला होता आणि स्वतः मिनेसोटात जाऊन बसला होता. बिचाऱ्या बाबांना नाइलाजाने नवा घ्यावा लागला, हायड्रॉलिक लिफ्टवाला. विलार्डशी मी त्यानंतर बोललेलो नाही. नाताळची कार्डं लव्हॉन पाठवते.

"नाल कुठल्या बाजूला होती म्हणालास?" डेलमारने विचारलं.

"डाव्या. किती वेळा सांगू?"

"आणि मडगार्डला पोचा होता ना?"

"मागच्या. मुठीएवढा."

त्याने लिफाफ्याच्या पाठीमागे काहीतरी लिहून घेतलं. म्हातारा झालाय. पूर्वी असलं त्याच्या डोक्यात राहायचं.

१५ मार्च

डेलमार तीन शुक्रवार आला नाही. कंबर धरलीय म्हणे. आज लव्हॉनबरोबर किराणा आणायला गेलो तर तो तिथेच भेटला. कंबर ठीक दिसत होती, पण हात मनगटापर्यंत तपकिरी, आणि अंगाला व्हिनेगरचा वास.

"लोणचं घालतोस काय?" मी म्हणालो.

"हो ना. काकड्यांचं."

मार्चमध्ये काकड्या! बायको गेल्यापासून बिचाऱ्याला कशाचा काय मोसम ते कळत नाही. आमच्या ट्रॉलीत बघितलं तर लव्हॉननेही व्हिनेगरचे चार मोठे कॅन घेतलेले. खिडक्या पुसायच्यात म्हणाली. व्हिनेगर घेतलं म्हणून मला आनंदच झाला, कारण ती खिडक्या पुसते तेव्हा गाणं म्हणते आणि बरेच महिने म्हणालेली नाही.

खिडक्या अजून पुसलेल्या नाहीत.

१३ एप्रिल

आधी हे लिहितो, ब्लड प्रेशर नंतर.

सकाळी डेलमारची गाडी मागे ट्रेलर लावून आली. ट्रेलरवर ताडपत्री. लव्हॉन मला धरून बाहेर घेऊन गेली, हातात कॅमेरा. डेलमारने ताडपत्री ओढली.

लार्कफील्ड. बॉनेटचा लाल रंग उन्हाने विटून विटेसारखा झालेला. मागच्या मडगार्डला मुठीएवढा पोचा. डाव्या बाजूला नाल. मी गुडघ्यावर बसून सीटखाली हात घातला आणि बोटांनीच वाचलं. आ. बा.

आयोवात एका विधवेच्या गोठ्यात सापडला म्हणाला डेलमार. चाळीस वर्षं गवताखाली होता.

मी रडलो. डेलमारच्या गळ्यात पडून, रस्त्यावर, शेजाऱ्यांदेखत रडलो. तो म्हणाला, "बस कर, टाके तुटतील." लव्हॉन फोटो काढायचेच विसरली.

कारखान्याच्या नंबरची पट्टी मात्र नाही, गळून पडली असणार. दुसऱ्या कुणाचा असता तर पट्टी नाही म्हणून मी बाद केला असता. पण स्वतःच्या बापाला कुणी ओळखपत्र विचारतं का?

१२६/७८.

१४ एप्रिल

शेडमध्ये गेलो. चार तास होतो.

२० एप्रिल

ठरवलं. रंगवणार नाही. रंग एकदाच पहिला असतो, त्यावर दुसरा मारला की संपलं. फक्त धूळ पुसायची, तेल बदलायचं, इंजिन चालू करायचं. ऑगस्टमध्ये 'जसाच्या तसा' गटात उभा करायचा. त्या दिवशी परीक्षण दुसरं कुणीतरी करेल.

डेलमार म्हणाला, "मेळाव्यात कशाला? घरी ठेव की. फिरव मजेत."

"तू आणलास आणि तूच असं म्हणतोस?"

"मला आपलं वाटलं."

माझ्या बक्षिसाचा हेवा वाटतोय त्याला. असू दे. एवढं त्याने केलंय, थोडा हेवा त्याला माफ.

४ मे

विलार्डला फोन केला.

तीन वेळा नंबर फिरवून ठेवला. चौथ्यांदा त्यानेच उचलला. मी म्हणालो, "ट्रॅक्टर सापडला. झालं गेलं सोडून दे. ये बघायला."  तो म्हणाला, "कुठला ट्रॅक्टर?" मी सांगितलं.  मग म्हणाला, "येतो."

माणूस सोडून देतो तेव्हा किती हलका होतो हे त्याला काय कळणार!

१८ मे

विलार्ड आला. पाच तास एकट्याने गाडी चालवत. शहात्तरचा झालाय. बाबांसारखाच दिसतो, मला धक्काच बसला.

शेडमध्ये नेलं. त्याने ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली. मग उजव्या बाजूला उभा राहून, बॉनेटवर हात टेकून, उजवा पाय उचलला. बसून बघणार असेल. पाय हवेत तसाच राहिला. खाली बघितलं, पाय परत जमिनीवर ठेवला. गुडघे गेलेत बिचाऱ्याचे. मी म्हणालो, इकडून ये, नाल इकडे आहे. तो वळसा घालून आला आणि नालेकडे बराच वेळ बघत राहिला.

"हाच ना?" मी विचारलं.

"हो," म्हणाला. "हाच."

मग नाक शिंकरत बाहेर गेला. डेलमार दारात उभा होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. लव्हॉनने चीज घातलेलं बटाट्याचं हॉटडिश केलं होतं. विलार्डने तीनदा घेतलं. जाताना मला म्हणाला, "रविवारी फोन करू का?" वडीलधाऱ्या माणसाने असं विचारावं! मी म्हणालो, कर की.

२३ जून

विलार्डचा सहावा फोन. आज फक्त टोमॅटोवर बोललो. चाळीस मिनिटं.

गावच्या पेपरात माझा आणि ट्रॅक्टरचा फोटो आलाय. 'अर्ध्या शतकानंतर घरी'. पास्टरने प्रवचनात घेतला, हरवलेलं मेंढरू म्हणून. १२२/७६. नर्स म्हणाली, काय करताय ते चालू ठेवा.

१४ जुलै

चर्चला सव्वाशे वर्षं झाली म्हणून तळघरात जुने फोटो मांडलेत. प्रार्थनेनंतर कॉफी घेऊन खाली गेलो. तिसऱ्या टेबलावर बाबा.

दफनभूमीत लार्कफील्डवर बसलेत, डोक्याला ती मळकी टोपी. मागे लिहिलंय १९६६. ट्रॅक्टर थेट कॅमेऱ्याकडे येतोय. नाल स्पष्ट दिसते. त्यांच्या उजव्या पायाखाली.

फोटो उलटा छापलाय, मला पहिल्यांदा हेच वाटलं. मग त्यांच्या मागचा थडग्याचा दगड बघितला. त्यावर 'ॲमुंडसन' सरळ वाचता येतं. फोटो उलटा नाही.

कॉफी तिथेच ठेवून घरी आलो. वाटेत सगळं आठवलं. बाबांचा डावा गुडघा कामातून गेलेला होता. चढायला उजवा पाय लागायचा, म्हणून पायरी उजवीकडे. मी कधी नालेवर पाय ठेवलाच नाही, मागून उडी मारून चढायचो. आणि ते कापत कापत येताना मी फाटकापाशी उभा राहून त्यांच्याकडे तोंड करून बघायचो. नाल माझ्या डाव्या हाताला दिसायची. पन्नास वर्षं मी डावी डावी म्हणत आलो.

मग माझ्या शेडमधल्या ट्रॅक्टरला ती डावीकडे कशी?

भिंग घेऊन खाली बसलो. एरवी लोकांच्या ट्रॅक्टरांना लावतो ते भिंग. दहा मिनिटं लागली. बोल्टांच्या डोक्यावरच्या कारखान्याच्या खुणा घासून काढल्यात. नालेचं वेल्डिंग तारेच्या हल्लीच्या मशीनचं आहे, बाबांकडे जुनं कांडीचं होतं. 'आ. बा.' गंजाच्या वरून कोरलंय, गंजाखालून नाही. आणि सीटच्या स्प्रिंगमध्ये नाक खुपसलं तर व्हिनेगर.

व्हिनेगर आणि मीठ. नवं लोखंड महिन्याभरात म्हातारं करायची युक्ती. ती ओळखायची कशी ते क्लबातल्या प्रत्येकाला मीच शिकवलंय.

ब्लड प्रेशर घेतलं नाही.

१५ जुलै

लव्हॉनला विचारलं. तिने नाही म्हटलं नाही, तेवढं बरं. ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "कल्पना माझी होती. हात त्याचे."

"तू माझ्यासमोर कॅमेरा घेऊन उभी होतीस."

"तू जेवत नव्हतास, आर्डेन. तू मरायला टेकला होतास आणि भिंतीकडे बघत होतास."

"म्हणून मला गावात हसं करायचं?"

"गावभर तू सांगितलंस. पेपरवाल्याला तू बोलावलंस. आम्हाला वाटलं ट्रॅक्टर शेडमध्येच राहील."

रात्री वरच्या खोलीत झोपलो. गादी कडक आहे.

१६ जुलै

डेलमारकडे गेलो. आत ये म्हणाला. मी अंगणातच उभा राहिलो.

"किती ट्रॅक्टर मिळून केलास?"

"तीन. बॉनेट ओहायोचं." त्याच्या आवाजात जरा ऐट होती, कानाखाली वाजवावीशी वाटली. "पोचा जमवायला दोन दिवस गेले रे. आधी फार खोल झाला होता."

"एकतीस वर्षं! आणि तू मला, मला, खोटा गंज दाखवलास?"

"मला बोलता येत नाही, आर्डेन. माझी बायको गेली तेव्हा तू रोज येऊन बसायचास, बोलायचास. मला तसलं येत नाही. ट्रॅक्टर करता येतो, तो केला."

"खोटा केलास."

"सगळं तुझ्या तोंडून घेतलं. एक खिळा माझ्या मनाचा नाही. डावी तूच म्हणालास."

 मी त्याच्या टपालपेटीला लाथ मारली आणि घरी आलो. अंगठा सुजलाय. मी गळ्यात पडलो तेव्हा हा माणूस 'टाके तुटतील' म्हणाला होता, ते मला राहून राहून आठवतं. मी याच्यासमोर रडलो. ते परत घेता येत नाही.

२१ जुलै

रविवार. विलार्डचा फोन वेळेवर.

मी सरळ विचारलं. "तुला माहीत होतं?"

"पाय ठेवायला गेलो तेव्हा कळलं."

"मग 'हाच' का म्हणालास?"

"एकोणपन्नास वर्षांनी तू फोन केला होतास. मी काय, 'नाही' म्हणू?"

म्हणजे हाही सामील. मी ओरडलो. लव्हॉन जिन्यात येऊन उभी राहिली. मी म्हणालो, या सगळ्याचं मूळ तू आहेस, तू तेव्हा विकला नसतास तर आज कुणाला हे नाटक करावं लागलं नसतं.

 तो म्हणाला, "मी नाही विकला."

"मग कुणी विकला?"

"बाबांनी. नव्याच्या बदल्यात दुकानदाराला देऊन टाकला. त्यांना लिफ्टवाला हवा होता. तू जाऊन तीन आठवडे झाले नव्हते. दुकानदाराने तो भंगारात काढला."

"खोटं."

"तुझी पत्रं यायची, ट्रॅक्टर कसा आहे म्हणून. त्यांना उत्तर लिहवेना. मला म्हणाले, तू विकलास असं सांग. तू नाहीतरी मिनेसोटात, दुलुथला चाललायस. आर्डेन चार दिवस रागवेल आणि विसरेल."

"आणि तू हो म्हणालास?"

"ते बाबा होते. मलाही वाटलं, चारच दिवस."

नंतर मी फोन ठेवला की त्याने, आठवत नाही.

२२ जुलै

लिफ्ट हवी होती. बस्स, एवढंच. कुणी आजारी नव्हतं, कसली अडचण नव्हती. गवत कापायचं पातं हाताने उचलायचा कंटाळा आला होता.

परत आलो त्या दिवशी ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "तुझ्या भावाने बघ काय केलं." तो हात मी सांत्वनाचा मानला. शेवटच्या आजारपणात विलार्ड भेटायला आला तर मी त्याला दारातून परत पाठवला, आणि आत येऊन बाबांना सांगितलं, काळजी करू नका, घालवून दिला. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, त्यांना बरं वाटलं.

१० ऑगस्ट

मेळावा. लव्हॉन म्हणाली नेऊ नकोस. नेला.

'जसाच्या तसा'च्या रांगेत नाही, 'पुन्हा बांधलेले' गटात उभा केला आणि हँडलला पुठ्ठा टांगला: 'लार्कफील्ड. मूळ नाही. तीन ट्रॅक्टरांतून बांधला: डेलमार झास्त्रो. सांगणारा: आर्डेन बाकेन. नाल चुकीच्या बाजूला आहे.'

लोक यायचे, वाचायचे, माझ्याकडे बघून दुसरीकडे जायचे. गेल्या वर्षी बाद केलेला तो बोल्टवाला बायकोला घेऊन आला. तिने दोनदा वाचलं. हसली नाही; हसली असती तर बरं झालं असतं. पास्टर कॉफीचा कप घेऊन नुसताच शेजारी उभा राहिला.

डेलमार चारला आला. पुठ्ठा वाचला. म्हणाला, "माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलंय." मी म्हणालो, "असू दे चूक." त्याला पहिलं बक्षीस मिळालं. घ्यायला गेला नाही. मीही गेलो नाही. फीत तिथेच टेबलावर राहिली.

मुख्य परीक्षकपद सोडलं.

७ सप्टेंबर

दफनभूमी कापायची आज माझी पाळी होती. विलार्डही आला. बोलावलं नव्हतं, तसं येऊ नकोस असंही म्हणालो नव्हतो. रविवारचे फोन मी उचलतो, पण बोलतो तोच.

लार्कफील्ड काढला. गवत कापतो तर कापू दे, संग्रहात ठेवायच्या लायकीचा तो नाही. पहिल्या ओढीला चालू झाला. डेलमारचं काम चांगलं असतं, ते मी कधीच नाकारलं नाही. फाटकापासून सुरुवात केली. ॲमुंडसन, टोलेफसन, त्यांची पोरं, रांगेमागून रांग. पातं दर वळणाला हाताने उचलावं लागतं. खांदा भरून येतो, हे खरं आहे. दहा दगडांतच कळलं.

बाबांच्या दगडाशी आलो आणि वळून गेलो. भोवती हातभर गवत तसंच सोडलं. पुढची रांग कापली, त्याच्या पुढची कापली. सगळं आवार चटईसारखं झालं, आणि मध्ये तेवढा एक झुबका.

परत वळलो तर विलार्ड तिथे गुडघे टेकून बसलेला. गाडीतून हातकात्री आणली होती. ज्या गुडघ्यांनी त्याला खुर्चीतून उठवत नाही, त्या गुडघ्यांवर बसून तो दगडाभोवतीचं गवत कापत होता.

इंजिन बंद न करता मी ओरडलो, "सोड ते!"

"लोक काय म्हणतील, आर्डेन."

"म्हणू देत! तुझं काम नाही ते!"

त्याने ऐकलं नाही. मूठ मूठ धरून कापत राहिला, दगडावरची माती तळहाताने पुसली, मग उठायला गेला आणि उठता येईना. त्याने माझ्याकडे बघितलं. मी उतरलो, काखेत हात घालून त्याला उभा केला. बाबांच्या दगडाकडे मी बघितलं नाही.